नवऱ्याने पाहिलेला मनोरा

नवऱ्याला बँकेने ब्रसेल्सला पाठवलं आणि शेवटचा दिवस मोकळा दिला. बायकोला नेलं तरी चालणार होतं. पण मुलीची दहावी होती, आणि दहावीच्या वर्षी घरात आईने थांबायचं, हे आमच्यात कुणी कुणाला विचारतसुद्धा नाही. मी रियाधमध्ये राहिले. तो ब्रसेल्सजवळच्या ब्रुजला गेला.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी मी याच गावावर प्रबंध लिहिला होता. आता माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, 'गृहिणी' लिहिलंय. आणि ब्रुज पाहायला गेलं कोण, तर ज्याला कमान कुठली नि घुमट कुठला हे सांगावं लागतं तो! आमच्या घरात दात माझ्याकडे आणि चणे त्याच्याकडे.

चौकातून त्याने व्हिडिओ कॉल केला. आधी स्वतःचा चेहरा, मग बटाट्याचे फ्राइज.

"अरे, चौकातला तो घंटेचा मनोरा दाखव! खालचं चौकोनी काम विटांचं आहे. वरचा अष्टकोन फार नंतर चढवलाय. जवळ जा, विटा दाखव."

"विटा काय बघायच्या गं? थंडी बघ किती आहे!"

माझा असा जळफळाट झाला की फोन बंद करावासा वाटला. केला मात्र नाही. तो कंटाळेपर्यंत मी त्याला चौकभर फिरवलं.

पुढच्या शुक्रवारी त्याचे सहकारी सहकुटुंब जेवायला आले. टीव्हीवर फोटो लागले आणि नवरा सुरू झाला. "खालचं चौकोनी काम विटांचं. वरचा अष्टकोन फार नंतर चढवलाय." शब्दन् शब्द माझा. मी पुऱ्या घेऊन आले तर एक भावजी म्हणाले, "काय बारकाईने पाहता हो तुम्ही! वहिनी, तुम्हीपण जायला हवं होतं. त्यातलं काही कळलं नाही तरी छान वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुऱ्या ठेवल्या आणि नवऱ्याला विचारलं, "मनोरा थोडा झुकलाय. कुठल्या बाजूला, ते सांग ना यांना."

हे मी त्याला फोनवर सांगितलं नव्हतं. तो गडबडला, मग सरळ म्हणाला, "हिलाच विचारा. मी सांगितलं ते सगळं हिचंच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रान मोकळं होतं.

"पूर्वेला झुकलाय," मी म्हणाले. "पण चौकात उभं राहिल्यावर ते डोळ्यांना दिसतं का, मला माहीत नाही."