आईच्या सतारीच्या दोन तारा

आई गेल्यावर मी तिची तारा गंजलेली छोटी सतार सिटी चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

"पहिली होती तश्शी करून द्या," मी म्हणाले.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि खुंट्यांच्या भोकांवरून हळूहळू अंगठा फिरवला.

"ही दोन भोकं नंतर पाडलीत. कडा खरबरीत हायत. असल तारा पाचच व्हत्या. दोन काढू?"

आईला मी कायम सात तारांवरच वाजवताना ऐकलं होतं.

त्यानं सतार मांडीवर आडवी घेतली. "बाई, बनवणाऱ्यानं बनवली ती एक असल. आईनं वाजवली ती बी असलच. तुम्हाला कोणती पाहिजे?"

"आईची," मी म्हणाले.

त्यानं नव्या सात तारा चढवल्या, कान लावून एकेक जुळवली आणि सतार माझ्यापुढं ठेवली.

"तुम्हीच वाजवून दाखवा ना," मी म्हणाले.

"नाय. जुळवणं माझं काम, वाजवणं घरच्याचं."

मला वाजवता येत नव्हतं. तरी मी एक तार छेडली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला.