पूजेतली टिकल्यांची बंदूक

ऑकलंडच्या विमानतळावर माझी बॅग उघडली, तेव्हा अधिकाऱ्याने सगळ्यात आधी आपट्याची पानं उचलली. दसऱ्याला लेकीच्या घरी सोनं हवं म्हणून मी ती विट्याहून वहीत दाबून आणली होती. झाडपाल्याचं काही आत न्यायचं नाही, असा तिथला नियम. पानं गेली, मेथीचं बी गेलं. साडीच्या घडीत काळी टिकल्यांची बंदूक होती. ती त्याने उलटसुलट करून पाहिली. "टॉय?" मी मान हलवली. त्याने ती परत घडीत ठेवली.

बंदूक नातीसाठी होती. सईची आई, माझी वैशाली, लहानपणी दिवाळीत अशीच बंदूक घेऊन गल्लीभर फिरायची. टिकल्या विमानात चालत नाहीत म्हणून नुसती बंदूकच घेतली.

वैशाली राहते ते ऑकलंडचं उपनगर फ्लॅट बुश म्हणजे मोठाल्या, एकासारख्या एक घरांची नवी वस्ती. सकाळी गॅरेजची दारं आपोआप वर जातात, गाड्या मोटरवेकडे निघून जातात आणि मागे फक्त वारा उरतो. एका दिवसात ऊन, पाऊस, गारठा, पुन्हा ऊन. मी या खिडकीतून त्या खिडकीत जायची. जँडल (रबरी चपला) घालून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत (तिथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) जायची आणि आत न जाता परत यायची. आत गेलं तर बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी टीव्ही लागायचा. तेव्हा अमेरिकेतली एक बातमी चालू होती. पोरगेलासा मुलगा, हातात खेळण्यातली बंदूक, पोलिसांनी गोळी घातली. जावईबापू मंदारराव मला समजावून सांगायचे. "आई, इथे पोलिसांच्या कमरेला बंदूक नसते. गाडीत कुलपात असते. आता काही लोक म्हणतायत, कमरेलाच द्या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही म्हणतात."

मी बातमी ऐकली आणि भाकरी थापायला उठले. आपल्या घरातही तशीच एक वस्तू आहे, हे माझ्या मनात आलं नाही.

दसऱ्याला पाटावर वैशालीचा लॅपटॉप, मंदाररावांच्या गाडीची किल्ली, सुरी, सईची पुस्तकं असं सगळं मांडलं. आपट्याऐवजी सोनेरी कागदाची पानं कापली. सई दहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. तिने बंदूकही आणून पाटावर ठेवली. मी तिच्यावरही हळदकुंकू वाहिलं. उचलताना सईच्या हातून ती निसटली, तशी मी म्हणाले, "पूजलेली वस्तू जमिनीवर टाकायची नसते बाळ. पाय लागतो. दोन्ही हातांनी उचल, काहीतरी अंथरून त्यावर ठेव."

"ओके आजी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही घरामागच्या मैदानात गेलो. तिथे ओढा आहे, झोपाळे आहेत. सई हातात ती बंदूक घेऊन शेजारच्या दोन मुलींबरोबर झुडपांत लपाछपी खेळत होती. मी बाकावर. कुठल्या घरातून कोणी फोन केला, कळलं नाही. पोलिसांची गाडी गवताच्या कडेला येऊन थांबली. एक पुरुष, एक बाई. तो गाडीच्या दाराआड उभा राहिला. बाई दोन पावलं पुढे आली आणि मोठ्याने ओरडली. शब्द कळले नाहीत, पण ती तळहात खाली दाबत होती, ते कोणालाही कळलं असतं. टाक. खाली टाक.

शेजारच्या मुली पळाल्या. सई थांबली. तिने बंदूक दोन्ही तळहातांवर घेतली, हळदीकुंकवाचं तबक धरतात तशी, आणि पोलिसांकडे चालू लागली.

मी उभी राहिले. "सई, टाक" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग सईचा एक हात कमरेकडे गेला. तिथे तिने स्वेटर बांधला होता. दाराआडचा पुरुष खाली वाकला. गाडीत काय कुलपात असतं, ते मला मंदाररावांनी सांगितलं होतं. सईने स्वेटरची गाठ सोडली, तो गवतावर पसरला, त्यावर बंदूक ठेवली आणि मागे सरकली.

पोलीसबाई तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. सईला ती हळू आवाजात काहीतरी म्हणत राहिली. त्यात "स्वीटहार्ट" एवढं मला कळलं. बंदूक त्यांनी पिशवीत घालून नेली.

रात्रीचं जेवण कोणाला गेलं नाही. वैशाली सईला पुन्हा पुन्हा विचारत होती, "टाक म्हणत होत्या ना त्या? मग टाकली का नाहीस?"

"आय डोन्ट नो."

"आय डोन्ट नो काय? कमरेला हात लावलास. कळतंय का काय झालं असतं?"

सईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिनाभर टॅब्लेट बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. मी भांडी पुसत होते. पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. बोलले नाही.

रविवारी आम्ही पुकेकोहेला गेलो. ऑकलंडच्या दक्षिणेला हे भाजीपाल्याचं गाव. लाल माती, कांद्या-बटाट्याच्या सरळ ओळी. आपल्याकडच्या लोकांची तिथे कित्येक पिढ्यांची शेती आहे. रस्त्याकडेला एका गुजराती आजींचा गाळा होता. त्यांनी मला कोथिंबिरीची जुडी हुंगायला दिली आणि पैसे न घेता पिशवीत टाकली. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्या मातीत तासभर बसले असते.

मंदाररावांचा मित्र अमोल तिथेच राहतो. शिकायला आला, आता पॅकहाऊसमध्ये (भाजी धुऊन खोक्यांत भरतात तिथे) सुपरवायझर आहे. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच होती.

"काय काकू, फुलनदेवी तयार करताय म्हणे." तो हसला. कोणी हसलं नाही. मग म्हणाला, "मी स्टुडंट होतो तेव्हा पेट्रोल पंपावर होतो. एकाने बंदूक दाखवून गल्ला नेला. खोटी होती, हे पोलिसांनी चार दिवसांनी सांगितलं. तोपर्यंत मी खराच मेलो होतो. म्हणून सांगतो, ड्रॉप म्हणजे ड्रॉप. पोरीने ऐकायला हवं होतं."

"दहा वर्षांची आहे रे ती," मंदारराव म्हणाले.

"ट्रिगरमागच्या माणसाला वय दिसत नाही, मंद्या."

सई गाडीत बसून राहिली होती. मी तिला काकडी नेऊन दिली. तिने घेतली. मी तरीही बोलले नाही.

त्या आठवड्यात वस्तीच्या हॉलमध्ये सभा होती. मुलांची खेळणी आणि पोलिसांच्या बंदुका, हाच विषय. "चला आई, घरात एकट्या काय करणार," मंदारराव म्हणाले. वैशाली माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. तीच पोलीसबाई पुढे बसली होती. मैदानात काय झालं, ते तिने आधी सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, पोलिसांना शस्त्र द्या, ते आमच्यासाठी मरायला नाहीत. एक जण म्हणाला, असली खेळणी विकायलाच बंदी घाला. मग केसांत फूल माळलेली, सामोआ बेटांकडची एक धिप्पाड आजी उठली. "त्या मुलीला स्वीटहार्ट म्हणालात, चांगलं केलंत," ती पोलीसबाईला म्हणाली. "माझा नातू तेरा वर्षांचा आहे. दिसायला माणसाएवढा. त्याला तुम्ही काय म्हणाला असता?"

पोलीसबाईने खाली पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, वळण घरात लावायला हवं, त्या मुलीला ऐकायला शिकवलंच नव्हतं.

वैशालीने ते भाषांतर करून सांगितलं आणि मान खाली घातली. सई तिच्या पलीकडे बसली होती.

मी उठले. चौथीनंतर चारचौघांत बोलायला उभी राहिले नव्हते. मराठीत म्हणाले, "शिकवलं होतं. मी शिकवलं होतं. पूजलेली वस्तू टाकायची नाही, अंथरून ठेवायची, असं मीच सांगितलं होतं. तिने ऐकलं. तिथे मी होते, आणि टाक म्हणायला मला आवाज फुटला नाही."

वैशालीने भाषांतर सुरू केलं आणि मध्येच थांबली. "आई?" एवढंच म्हणाली. मग उभी राहून तिने सगळं इंग्रजीत सांगितलं, हळदकुंकवापासून स्वेटरपर्यंत.

पोलीसबाई उभी राहिली. मग म्हणाली, "तिने स्वेटर अंथरला तेव्हा माझा जोडीदार गाडीतली पेटी उघडत होता. त्याला कुलपाची किल्ली सापडायला वेळ लागला." ती आणखी काही बोलेल असं वाटलं. ती खाली बसली.

त्यावरूनही लोक भांडले. कोणी म्हणालं, बघा, कुलूप होतं म्हणून वाचली. कोणी म्हणालं, खरी बंदूक असती तर हीच बाई मेली असती. दोघांचंही मला पटलं आणि म्हणूनच बसवेना.

घरी आल्यावर वैशालीने सईला टॅब्लेट परत दिला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"यू वुड हॅव येल्ड ॲट आजी," सई म्हणाली.

वैशाली माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर सईने पहिल्यांदाच मला मराठीत विचारलं. एकेक शब्द जुळवत. "आजी, परत कोणी टाक म्हणाले, तर मी टाकू?"

"टाक," मी म्हणाले. "काहीही असू दे, टाक. देव असला तरी टाक." आजूबाजूची माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्याने म्हणाले. आवाज फुटला, पण जिथे समोर पोलीस नव्हता, तिथे.

विट्याला परत आले. बायका विचारतात, काय पाहिलं? समुद्र सांगते, मेंढ्या सांगते, चार वाजता मिटणारी दुकानं सांगते. खेळण्यातल्या बंदुकीपायी गोळी लागलेल्या मुलांच्या बातम्यांत पोलीस किती अंतरावर होते, किती सेकंद गेले, बंदूक किती खरी दिसत होती, हे सगळं येतं. त्या मुलांना आदल्या दिवशी घरी कोणी काय सांगितलं होतं, हे कोणी विचारत नाही. कुठेतरी एखादी आजी ते जाणून असेल. तिला कोणी सभेला नेलं नसेल.