दगडाबाईचं शेवटचं कडवं

“गाणं कुणाचंबी म्हणा, पण संपवताना धनिणीचं नाव घ्या,” असं आक्काताई सारखी म्हणायची. बेदाण्याच्या शेडवर कुणी नुसतं गुणगुणलं, तरी हातातलं काम टाकून विचारायची, “नाव कुठं ठेवलंस गं?”

धनीण म्हणजे गाणं रचणारी, गाण्याची मालकीण. आक्काताईची धनीण दगडाबाई. कवठे महांकाळकडच्या माळावरची बाई. अक्षर शिकली नव्हती, पण धम्म घेतला आणि तिला गाणी सुचू लागली. बाईनं चौकात उभं राहून गावं हे तेव्हा ना घरच्यांना सोसलं, ना गावाला. तिच्यावर शेण फेकलं गेलं. तिनं लुगडं झटकलं आणि पुढचं कडवं धरलं. आक्काताई त्या वेळी पोरसवदा. दगडाबाईच्या मागं उभी राहून ती झील धरायची, म्हणजे दर कडव्यानंतर धृपदाची ओळ उचलायची. रिवाज असा, की रचणारीचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. दगडाबाईचा फोटो नव्हता, जमीन नव्हती. मागं राहिलं ते हे कडवं.

ती गेली, पण तिच्या चाली गेल्या नाहीत. लग्नातल्या बँडनं त्या उचलल्या, जत्रेतल्या भोंग्यांनी उचलल्या आणि नव्वदनंतर कॅसेटवाल्यांनी. चोर घरात शिरतो तो निदान कडी तोडून शिरतो. हे हार घालून शिरले.

शहाण्णव साली तासगावजवळच्या शेडवर बायका बेदाणा निवडत होत्या. टेपवर सांगलीची नवी गायिका दीपमाला लागली होती. दगडाबाईचंच गाणं. आक्काताईचा जीव हरखला. मान डोलवत ती शेवटच्या कडव्याची वाट बघू लागली. तिथं ऑर्गन वाजला आणि गाणं संपलं.

“वाच गं, कुणाचं म्हणून लिवलंय?”

शेजारणीनं कव्हर उलटलं. “पारंपरिक.”

“म्हंजी कुणाचं?”

“म्हंजी कुणाचंच न्हाई.”

आक्काताईनं मूठभर बेदाणा खोक्यात आपटला. “मग मी घसा कुणाच्या मागं फोडला गं? भुताच्या?”

त्याच वर्षी एप्रिलात भीमजयंतीला दीपमालाचा ऑर्केस्ट्रा गावात आला. आक्काताईचा भाचा राजरत्न कमिटीत होता. जुनी गाणारी म्हणून तिचा सत्कार ठेवला होता. दिवस मावळायच्या आत ती गेली आणि खुर्चीवर न बसता सरळ स्टेजच्या मागं शिरली.

“पोरी, आज दगडाबाईचं कडवं म्हण. तिच्या माणसांपुढं एकदा तिचं नाव घे.”

दीपमाला गोंधळली. “आजी, मला ते येतच नाही. शिकवलं तेवढंच म्हटलं मी.”

ऑर्केस्ट्राचा मालक बाळासो, कॅसेटही त्यानंच काढलेली, हसत पुढं आला. “मावशी, कॅसेटला जागा थोडी असती. लोकास्नी चाल पायजे, कडवी न्हाईत. तुमी शाल घ्या, नारळ घ्या, निवांत बसा.”

“तुझ्या बाचं नाव गाळलंस का रं कवा, लांब पडतंय म्हणून?”

“आत्ती,” राजरत्न कुजबुजला, “आजच्या दिवशी भांडण नको.”

“आजच्या दिवशी न्हाई तर कवा भांडू?”

गाणं सुरू झालं. मांडव डोलू लागला. शेवटी ऑर्गन चढला, राजरत्ननं तिला सत्काराला स्टेजवर घेतलं आणि शाल उलगडली. आक्काताईनं ती बाजूला सारली आणि पुढचा माईक ओढला. “गाणं संपल्यालं न्हाई!”

बाळासोनं खूण केली. माईक मुका झाला. तिनं तो खाली ठेवला आणि उघड्या गळ्यानं धरलं:

“कवठ्याची दगडाबाई, हिचं गाणं रानोमाळी,
भीमानं दिलं पुस्तक, लेक वाची सांजसकाळी.”

आवाज चिरकला होता, तरी मागच्या बायकांपर्यंत पोचला. आता झील हवी होती. आक्काताई थांबली. जुनी माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. झील सगळ्यांना येत होती, पण एकाचंही तोंड उघडलं नाही.

दीपमालानं आपला माईक खाली ठेवला आणि झील उचलली. उशिरा उचलली, जरा चढी लागली. पण उचलली. बाळासो दातओठ खात राहिला.

आक्काताईचा राग तसूभरही उतरला नाही. “आता येतंय न्हवं?” ती म्हणाली. “मग हितनं म्होरं गाळलंस, तर ती चोरी त्याची न्हाई. तुझी.”

आणि ती स्टेज उतरली. बसलेल्या माणसांमधून वाट काढत, कुणाकडं न बघता, शेडच्या रस्त्याला लागली. राजरत्न शाल हातात धरून जागीच उभा होता. दीपमाला पायरीपर्यंत आली आणि बाळासो पुढच्या गाण्यासाठी हाका मारत असताना त्या पाठमोऱ्या म्हातारीकडं बघत राहिली.