चिलीच्या पाइनचं मखर

अन्याय चिलीच्या मूळ रहिवाशांवर, मापुचे लोकांवर झाला. चिलीच्या सैन्याने १८६१ ते १८८३ या काळात त्यांची जमीन बळकावली. पुढे लष्करशाहीत त्यातल्या बऱ्याच जमिनीवर लाकूड-कंपन्यांनी पाइनची रानं उभी केली. जमीन परत मागणाऱ्यांना दहशतवादी ठरवून तुरुंगात टाकलं, आणि २०१०च्या जुलैत ते तुरुंगातच उपोषणाला बसले.

सप्टेंबरात उपोषण चालूच होतं, आणि अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा गणपतीचं मखर ठोकत होते. चिलीच्या पाइनचं. मंदीत त्यांची दुबई मरीनातली साइटवरची नोकरी गेली होती. आता ते उम्म अल कुवैनला लाकडाच्या यार्डात सेल्सला होते. आमचे सगळ्यांचे व्हिसा त्या नोकरीवर.

"बाबा, धिस इज स्टोलन," मी म्हटलं.

"स्टोलन कसलं? उरलेले तुकडे आहेत. साहेबांना विचारून आणलेत."

"जमीन स्टोलन आहे."

"मग बाप्पाला काय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवू?"

आरतीला वाटायला मी या चोरलेल्या जमिनीवर मराठीत पत्रक छापून आणलं होतं. बाबांनी दोन ओळी वाचल्या आणि गठ्ठा उलटा करून फ्रिजवर टाकला. "इथे परवानगीशिवाय पत्रक वाटलं तर थेट विमानात बसवतील. आणि साहेब येतायत. खलास."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती मोदक वळत होती. ऐन वेळी कागदी डिश संपल्या. फ्रिजवर कोरे कागद दिसले, तिने त्यांवर मोदक ठेवून वाटले. आणि आपली माणसं कशी, पुडीतलं खाऊन झालं की पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकत नाहीत. हॉल वाचनालयासारखा गप्प झाला. माझ्या भाषणांना इतके श्रोते कधी मिळाले नव्हते.

साहेब पुण्याचे. तुपाने पारदर्शक झालेला परिच्छेदही त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरून वाचला. मग मखराकडे पाहिलं.

"हे आपल्याच यार्डातलं ना हो?"

आईच्या हातातलं ताट जागीच थांबलं. पोरीचं कॉलेजातलं काहीतरी खूळ, असं म्हणून बाबांना सुटता आलं असतं.

"आपलंच, साहेब," ते म्हणाले. "पण कुणाच्या जमिनीवरचं, ते आपण कधी विचारलं नाही. विचारू का?"

साहेबांनी कागदाची नीट घडी घातली. "विचारा. फक्त मेल तुम्ही लिहा. पोरीला लिहायला देऊ नका."

नोकरी राहिली. चिलीच्या लाकूड-कंपनीला मेल गेला. उत्तरात शिक्के मारलेलं सर्टिफिकेट आलं. त्यात लाकडाची प्रतवारी होती, ओलावा होता, बंदराचं नाव होतं. जमीन आधी कुणाची, ते नव्हतं. बाबांनी पुन्हा विचारलं. आता ते माझ्यापेक्षा चिवट झालेत, आई म्हणते घरात दोन-दोन मोर्चे आहेत.

बाबांनी घरादाराचा व्हिसा पणाला लावून विचारलं. तुमचं तर काही जात नाही. घरात पाइनचा पलंग असेल, पाळणा असेल, तर दुकानदाराला आजच विचारा: हे लाकूड कुणाच्या जमिनीवर वाढलं? त्याने सर्टिफिकेट पुढे केलं तर वाचा, परत द्या आणि पुन्हा विचारा.