सत्तेचाळीस नंबरचं कार्ड

जॅकार्डचं कार्ड पंच केलं की पुठ्ठ्याच्या बारीक गोल टिकल्या खाली पडतात. कितीही झाडा, संपत नाहीत. केसांत सापडतात, डब्यातल्या भाकरीवर सापडतात, घरी गेल्यावर चपलेतून निघतात. आमच्या डिझाइन रूममधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मागच्या वर्षापासून त्यातले निम्मे माझ्यावरच आहेत, आणि ते दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. चादरीवर मोर उठवायचा तर लूमला, म्हणजे मागाला, कुठले धागे उचलायचे ते सांगावं लागतं. ते सांगतं हे भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं लांबट कार्ड. अशी शेकडो कार्डं दोरीनं बांधून त्यांची माळ करायची आणि ती लूमच्या डोक्यावर फिरत ठेवायची. सोलापुरात आता बरेच जण कॉम्प्युटरवर गेले. आमचे मालक अजून कार्डावर आहेत, आणि म्हणून मीही आहे.

रूममध्ये आम्ही तिघं. मी, जिला सगळे अक्का म्हणतात. स्टोअर सांभाळणारे कांबळे, ज्यांना प्रत्येक वाक्याला 'सॉरी' म्हणायची सवय. खुर्ची सरकवली तरी सॉरी, शिंकले तरी सॉरी. आणि लूमची देखभाल-दुरुस्ती करणारा जॉबर दत्ता, माढ्याकडचा, ज्यानं आजवर एकदाही सॉरी म्हटलेलं नाही. त्या बाबतीत माझं आणि दत्ताचं जमतं.

* * *

माझी मुलगी पल्लवी पुण्यात एका गेमच्या कंपनीत चित्रं काढते. गेम पत्त्यांचा. पण बदाम-इस्पिक नाही. प्रत्येक पत्त्यावर कुणी राक्षस, कुणी पक्षी, आणि ते एकमेकांशी मारामारी करतात. सुट्टीला आली तेव्हा तिनं तो माझ्या मोबाइलवर टाकला आणि म्हणाली, "अम्मा, हे कार्ड तुझ्यासाठी. मी काढलंय. जगात असं एकच आहे."

बघते तर आठ हातांची एक विणकरीण. आठही हातांत धागे, आणि भुवया अशा चढवलेल्या की आता कुणाच्या तरी पाठीत धपाटा बसणार.

मला कार्डाचं कौतुक वाटायच्या आधी धास्तीच वाटली. एकच? आमच्याकडं कुठल्याही कार्डाचं डुप्लिकेट पंच करून ठेवतात. कार्ड फाटलं तर लूम बंद राहतो. मी म्हटलं, याचं डुप्लिकेट काढ आधी. पल्लवीनं कपाळावर हात मारून घेतला. डुप्लिकेट निघत नाही हेच तर त्यात आहे, म्हणाली. कोणतं कार्ड कुणाचं त्याची नोंद हजारो कॉम्प्युटरवर एकदम होते, एकीला दुसरी जोडलेली, आणि ती कुणालाच खोडता येत नाही. याला ब्लॉकचेन म्हणतात.

"म्हणजे कार्डाची माळच की," मी म्हटलं. "ती आम्ही पहिल्यापासून बांधतोय."

यावर ती जे हसली ते मी विसरलेले नाही. पुढं जे झालं त्यामुळं तर अजिबातच नाही.

* * *

जाताना ती बजावून गेली की ॲपमध्ये बारा इंग्रजी शब्द दिसतील, ते कागदावर उतरून ठेव. मोबाइल गेला तरी ते शब्द टाकले की कार्ड परत मिळतं. शब्द गेले तर कार्ड गेलं. कंपनीकडंसुद्धा ते नसतात.

मी ते काम रूमवर काढलं. माझा चष्मा घरी राहिलेला, म्हणून कांबळे मोबाइलवरून वाचत होते आणि मी मोठ्या अक्षरात लिहीत होते. लिहायला हाताशी काय, तर जुन्या मोराच्या डिझाइनचं एक डुप्लिकेट कार्ड. सत्तेचाळीस नंबरचं. त्याच्या पाठीवर जाड पेन्सिलीनं, मराठीतच, कानाला लागेल तसं लिहिलं. लेमन. स्कूल. बांबू. मी म्हटलं, हे काय, मुलांच्या पुस्तकातून उचललंय का? कांबळे म्हणाले, सॉरी, इथं आहे तेच वाचतोय.

असं करत किचनपर्यंत आलो. मग कांबळे म्हणाले, सॉरी. मी म्हटलं, असू दे. ते म्हणाले, झालं. ॲपनं परीक्षा घेतली, तिसरा शब्द विचारला, पाचवा विचारला, नववा विचारला. तिन्ही बरोबर आले. मी कार्ड खिडकीत ठेवलं आणि डबा उघडला.

* * *

खेळायला बसले तेव्हा समोर कुठल्या देशातला कोण ते माहीत नाही, त्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. त्यानं एक ड्रॅगन टाकला. मी एक बेडूक टाकला. बेडूक मेला. मग ससा टाकला, ससा मेला. खेळ आटोपायला चहा गार व्हायचाही वेळ लागला नाही.

असे सलग अकरा खेळ हरले. दत्ता मागं उभा राहून बघायचा. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. म्हणाला, अक्का, तुमच्या हातात ती आठ हाताची बाई हाय की, तिला का घालंना? मी म्हटलं, तिला काही झालं म्हणजे? जगात एकच आहे. बेडूक मरू दे.

पल्लवीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. अम्मा, ती मरत नाही, खेळ संपला की परत येते, ती खेळायलाच आहे. मीही वैतागले. मरत नाही तर मग मेली असं का दाखवता? सरळ लिहा की, बाई दमली, बसली. ती म्हणाली, तुला समजवायला मी पगार घेत नाही. हे मात्र खरं होतं.

त्यात दत्ता स्क्रीनकडं निरखून बघत म्हणाला, "अक्का, ही तर तुमीच हायसा की."

मी म्हटलं, मी अशी दिसते? तो लूमकडं सटकला. कांबळे तेवढे म्हणाले, सॉरी, पण भुवयांपुरतं आहे थोडं.

* * *

एकदा मी मालकांकडं डिझाइन दाखवायला गेले आणि मोबाइल टेबलावर राहिला. परत येते तर दत्ता घाम पुसतोय. गेममध्ये 'बर्न' असं एक बटण असतं, ते म्हंजी काय हे त्यानं दाबून बघितलं होतं. बेडूक, ससा आणि एक घुबड जळून गेलं होतं, आणि त्यांच्या बदल्यात एक गोगलगाय आली होती.

माझा जीव उडाला. आधी विणकरीण बघितली. ती होती, भुवया होत्या तशाच. मग दत्ताला म्हटलं, बेडूक परत आण. तो म्हणाला, जळल्यालं कसं आणू? मी म्हटलं, मग दाबलं कशाला? तो म्हणाला, बटण हाय म्हनल्यावर मानूस दाबणारच की. त्या दिवसापासून मी पंचिंग मशीनवर कापड टाकून जाते.

* * *

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं काही नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पल्लवी दोन दिवस घरी आली होती आणि हैदराबादकडचे पाहुणे आले. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते? पाहुण्यांपुढं माझी जीभ कशी वळली कुणास ठाऊक. मी म्हणून गेले, "काही नाही हो, पत्ते काढते."

पाहुणे हसले. पल्लवी उठली, बॅग भरली आणि न जेवता दुपारच्या गाडीनं गेली. त्यानंतर दोन महिने तिच्याकडून रोज एकच मेसेज. मी विचारायचं, जेवलीस का? ती लिहायची, हो. बास. गेम नाही, हसणं नाही, अम्मा नाही. मला रडू यायचं, आणि रागही तिचाच यायचा. चूक माझी होती हे मला स्टेशनवर जाणाऱ्या रिक्षाचा आवाज संपायच्या आतच कळलं होतं. पण माझ्या तोंडून ती कबुली निघत नाही. आमच्या अम्माच्याही कधी निघाली नाही. मी रोज मोबाइल उघडून त्या विणकरणीकडं बघायची, तेवढंच. तेवढं एकच तिच्या हातचं माझ्याकडं होतं.

आणि तोच मोबाइल वाकताना माझ्या पर्समधून सटकून खळीच्या टाकीत पडला. सूत कडक करायची ती खळ, लापशीसारखी घट्ट. दत्तानं बाहेर काढला तेव्हा मोबाइल म्हणून ओळखू येत नव्हता.

* * *

नवा मोबाइल घेतला. ॲप टाकलं. ॲपनं बारा शब्द मागितले. मी खिडकीकडं गेले, तर खिडकीत सत्तेचाळीस नंबरचं कार्ड नाही.

दत्ता म्हणाला, ते व्हय? मोराच्या माळंतलं सत्तेचाळीस सकाळीच फाटलं. डुप्लिकेट हितं घावलं, बांधून टाकलं. माल आजच जायाचाय.

मी शेडमध्ये पळाले. लूम चालू, माळ डोक्यावर फिरतेय, आणि माझे बारा शब्द मोराच्या मानेत फिरतायत. म्हटलं, बंद कर. दत्ता पहिल्यांदाच माझ्यावर चढला. अक्का, मधीच बंद केला की चादरीत पट्टी पडती, माल सेकंडमंदी निम्म्या भावानं जातो, तुमीच शिकवलंय की मला. खरंच मीच शिकवलं होतं.

माल संपेपर्यंत थांबावं तर पेन्सिल घासून पुसली जायची. शेवटी मी स्टुलावर चढले, चष्मा लावला आणि पल्लवीला फोन केला. कारण मराठीत लिहिलेल्या त्या शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग मला एकटीला जमणार नव्हतं. दोन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. तीही म्हणाली, ते कार्ड जाता कामा नये, सांग, मी इथं टाइप करते. आवाज कोरडाच, पण लॅपटॉप उघडल्याचं कळलं.

माळ फिरून यायला पाचएक मिनिटं लागायची. एका फेरीत कार्ड वर येतं, क्षणभर थांबतं आणि जातं. तेवढ्यात एखादा शब्द वाचायचा, फार तर दोन, आणि लूमच्या खडखडाटात ओरडून सांगायचा. चौथ्या फेरीला मी जीव खाऊन ओरडले, "सून!"

सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली. पल्लवी म्हणाली, लग्नाचा विषय काढायला फोन केलायस का? मी म्हटलं, अगं, शब्द आहे तो! मग तिच्या लक्षात आलं, इंग्रजीतलं सून, म्हणजे लवकर. ती हसली नाही, पण नाकातून काहीतरी आवाज आला. मला तेवढा पुरला.

आठव्या फेरीला किचन आलं. आणि किचनच्या पुढं कोरा पुठ्ठा.

मी परत एक फेरी थांबले. परत कोरा पुठ्ठा. अकराच शब्द! फोनवर पल्लवी म्हणतेय, अम्मा, बारावा सांग, बाराव्याशिवाय काही होणार नाही. खाली स्टूल धरून कांबळे उभे. मी म्हटलं, कांबळे, तुम्ही मला अकराच सांगितले.

"नाही हो अक्का, बारावा पण सांगितला होता. सॉरी."

"तुमचं सॉरी राहू द्या, शब्द सांगा."

"अक्का, शब्दच तो आहे."

मी कांबळेंकडं बघितलं. दत्ताकडं बघितलं. मग फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हटलं, "सॉरी."

पल्लवी म्हणाली, ऐकू येत नाही, मोठ्यानं सांग.

मी मोठ्यानं म्हटलं. ती म्हणाली, अजून नाही आलं.

दत्तानं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पट्टीची पर्वा न करता हात लांब करून लूम बंद केला. त्या शांततेत माझं तिसरं सॉरी शेडच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"आणखी एकदा म्हण, अम्मा," पल्लवी म्हणाली. "कार्ड मगाशीच उघडलं."