सहाव्या पानापर्यंत नाव नाही

रोपांची नोंदवही मी ठेवतो. रोप कुठे सापडलं, कितवं पान कधी आलं, पानाचं टोक कसं आहे, सगळं तारखेसह. पण आमच्या मंडळात रोपांपेक्षा माणसांनाच जास्त पालवी फुटते. ती नोंद मी समासात करतो. आता समास पुरत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. भिंतीत, गच्चीवर उगवलेली वड, पिंपळ, उंबर, पिंपरीची रोपं काढून आणायची आणि पसरट कुंडीत बोन्साय करायची. लहानपणी ही सगळी भावंडं एकसारखी दिसतात. म्हणून नियम असा की, सहावं पान येईपर्यंत रोपाला नाव द्यायचं नाही.

नियम मोडला शिंदखेड्याच्या नानांनी. त्यांच्या दारातला जुना वड रस्ता रुंद करताना गेला. पाराच्या फटीत दोन पानांचं एक रोप राहिलं होतं. नाना ते डब्यात घालून घेऊन आले.

"हाऊ आमना वडना पोऱ्या शे."

मी मुकाट्याने 'वड' लिहिलं. सहावं पान पातळ आणि टोकदार आलं. पिंपरीचं! मी 'वड'पुढे बारीक प्रश्नचिन्ह काढून वही मिटली. नाना रोज सकाळी त्या रोपाशी गप्पा मारत होते. त्यांना सांगणार कोण?

*

पिंप्राळ्याच्या अक्कांना कॉलनीतून सारखे फोन येतात. बाथरूमच्या पाइपाशी पिंपळ उगवला की तो उपटायला कोणी धजत नाही.

"अक्का, तुम्हीच काढा. आम्हाला पाप नको."

"आणि मला चालतं?"

"तुम्ही नेऊन लावता ना. तुमचं फिटतं."

अक्का आता स्कूटीच्या डिकीत खुरपं आणि ओलं गोणपाट ठेवूनच फिरतात. गल्लीतली पोरं त्यांना पिंपळाची ॲम्ब्युलन्स म्हणतात.

*

रावेरचे आबा केळीवाले. मंडळात नवीन आले तेव्हा मी पहिला धडा दिला, "पान तोडून बघायचं. पांढरा चीक आला तर वड-उंबराचं खानदान असू शकतं."

आठवड्याने आबा मोठ्या कौतुकाने एक रोप घेऊन आले. रुई होती.

"आबा, चीक सगळ्या चिकाच्या झाडांना असतो."

आबांनी सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग दाखवले. "मग हे आधी सांगायचं. तुमच्या हिशोबाने मी चाळीस वर्षं वडाचीच शेती करतोय."

*

अक्का एकदा उंबर मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला बहिणीकडे निघाल्या. कंडक्टर कुंडीकडे बघत राहिला.

"अक्का, झाडाचं वय काय?"

"अकरा."

"मग अर्धं तिकीट लागेल."

"बाईमाणूस म्हणून माझंही अर्धंच. दोघांचं मिळून एक द्या."

*

यंदा जळगावात छोटं प्रदर्शन भरवलं. अक्षर बरं म्हणून पाट्या माझ्याकडे. प्रत्येक पाटीवर रोपाचं नाव, वय आणि ते कुठे मिळालं, एवढं लिहायचं होतं.

नानांचं रोप चार वर्षांचं झालं होतं. त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं आणि "आपला वड" बघायला जीप भरून माणसं निघालीही होती. 'वड' लिहावं तर माझी वही खोटी, 'पिंपरी' लिहावं तर नाना गावासमोर खोटे. मी कोरी पाटी हातात धरून बसलो होतो.

नाना शेजारी येऊन बसले. "काय अडनं?"

शेवटी मी वही उघडून ते प्रश्नचिन्ह दाखवलं. "नाना, हा वड नाही. पिंपरी आहे. मी आधीच सांगायला हवं होतं."

नाना वहीत डोकावलेसुद्धा नाहीत.

"पन्नास वरीस वडना पाला झाडा मी. माले वळखता येत नही का?"

"मग काय लिहू?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. नानांनी टोपी सारखी केली.

"नाव पिंपरी लिख. बापनं नाव वड. दत्तक लेयेल शे."