तुळसाची पाळी

माठातल्या वाळ्याचा वास मला अजून सोसत नाही.

दुसरीत गुरुजींनी आम्हा मुलांकडून शाळेबाहेर वाळा घातलेल्या माठाची पाणपोई चालवली. दिलेले तांबे मोजत आम्ही बेरीज शिकायचो. संस्थानच्या महाराजांच्या हुकमानं अस्पृश्यांची मुलं नुकतीच आमच्यात बसू लागली होती. त्यातल्या तुळसाची पाणी द्यायची पाळी आली, तेव्हा एका वाटसरूनं ओंजळ मागं घेतली.

"हिच्या हातचं न्हाय पीत मी. तू दे की रं!" तो मला म्हणाला.

मी तिच्या हातातला तांब्या घेतला. तहानलेल्याला पाणी दिलं, एवढंच तेव्हा वाटलं.

तुळसा पुन्हा शाळेत आली नाही. गुरुजी दोनदा बोलवायला गेले, एकटेच परतले.

पुढं कितीतरी वर्षांनी ती रंकाळ्याकडच्या रस्त्यावर दिसली, डोक्यावर सरपणाची मोळी. मी हाक मारणार, तोच ती वाट सोडून खाली मान घालून उभी राहिली.